विहीणबाईंचं खळं

वडजांबच्या फाट्यावर एसटीतून उतरले तर समोर नवाच फलक उभा होता. निळ्या पत्र्यावर पांढरी अक्षरं. मला अक्षरओळख पन्नाशी उलटल्यावर झाली, त्यामुळे काहीही वाचायचं म्हणजे थांबून, उभं राहूनच. "द्राक्षे तुडवा, आनंद लुटा. जुनी वेस, जुनी बारव, घरचे जेवण. रविवारी या." खाली माझ्या जावयाचा, संपतरावांचा, फोन नंबर होता. त्या फलकावर कुणीतरी शेणाचा गोळा मारला होता. तो बरोबर 'आनंद' शब्दावर बसून वाळला होता.

मी पदरानं घाम पुसला आणि चढाला लागले. होळी होऊन गेली होती, ऊन चटका द्यायला लागलं होतं. नाशिकपासून हे गाव फार लांब नाही, पण दिंडोरीचा रस्ता सोडला की डोंगर अंगावर येतात आणि शहर कुठल्या कुठे राहतं. दोन्ही बाजूंनी उतारावर तारांवर चढवलेले द्राक्षांचे वेल. मधूनच एखादी चकचकीत गाडी धूळ उडवत वर जायची. डोंगरापलीकडे वाईनचे कारखाने झाले होते आणि शहरातले लोक सुट्टीला ते बघायला यायचे.

मी मात्र बघायला आले नव्हते. मी माझ्या लेकीला न्यायला आले होते.

आदल्या संध्याकाळी कांचनचा फोन आला होता. "आई, मला घेऊन जा. इथं माझं काही राहिलं नाही." कांचन रडकी पोरगी नव्हे. लग्नाला तीन वर्षं झाली, एकदाही तिनं सासरचं गाऱ्हाणं सांगितलं नव्हतं. म्हणून मी जास्त घाबरले. सातपूरच्या आमच्या दोन खोल्यांत तिचं कसं होईल, लोक काय म्हणतील, हा विचार रात्रभर केला आणि सकाळी मिळेल ती गाडी पकडली.

विहीणबाई ओट्यावर चिंचा फोडत बसल्या होत्या. ठकूबाई कड म्हणजे सडसडीत बाई, कपाळावर मोठं गोंदण, आवाज विहिरीतून आल्यासारखा. मला बघून त्या उठल्या नाहीत.

"या, विहीणबाई. फोन पोचला म्हणायचा."

"पोचला."

"मंग बऱ्या लवकर आल्या. माझ्या माहेरचे तर मी मेल्यावरसुद्धा सवडीनं येतील."

"तुम्ही इतक्यात कशाला मरताय? फलकावर शेण मारायला अंगात जोर आहे अजून."

त्यांनी चिंचेवरची नजर वर केली. ओठाचा एक कोपरा हलल्यासारखा वाटला. "नेम चुकला," त्या म्हणाल्या. "मला 'तुडवा'वर मारायचा होता. पण मला वाचता कुठं येतं! आत जा. तुमच्यावाली लेक बोचकं बांधून बसलीय."

कांचन खरंच बांधाबांध करत होती. मला बघताच गळ्यात पडली, मग सगळं सांगत सुटली. डोंगराच्या वरच्या टप्प्यावर त्यांची एक बाग होती. वाईनची द्राक्षं. लग्न होऊन आली त्याच वर्षी कांचननं संपतरावांबरोबर ती रोपं लावलेली, डोक्यावरून पाणी वाहून जगवलेली. यंदा पहिल्यांदा भरघोस माल आला आणि कारखान्यानं खालच्या बागेचा माल उचलून वरच्याला नकार दिला. टाक्या भरल्यात म्हणे. बाकी कुणी ती द्राक्षं घेईना. बारकी, काळी, बियांची. बाजारात त्यांना विचारतंय कोण? पाडव्यानंतर बाग उपटून टाकायची, असं जावयानं ठरवलं होतं. मशीनवाल्याला सांगूनही ठेवलं होतं.

"मी म्हटलं, उपटू नका," कांचन म्हणाली. "पलीकडच्या कारखान्यात शहरातले लोक येऊन द्राक्षं तुडवतात, आई. मी डोळ्यांनी बघितलं. हौसेनं तुडवतात, फोटो काढतात. तिकडं लोक नेणाऱ्या गाडीवाल्याला मी सांगितलं, आमच्याकडंही पाठव. आमच्याकडं बारव आहे, वेस आहे. उद्या पहिली मंडळी यायचीत. आणि आत्याबाई म्हणतात, माझ्या रानात अन्न पायाखाली जाणार नाही. गेलं तर तू या घरात नाही."

"आणि जावई?"

"ते मोटार दुरुस्त करतात. घरात आवाज चढला की त्यांची मोटार बिघडते."

मला हसू आलं, पण तिला आलं नाही. ती म्हणाली, "उद्याची मंडळी मी बोलावलीत, ती तर पार पाडणार. लोकांसमोर माघार नाही घ्यायची मला. ती गेली की तुझ्याबरोबर येते. मग बाग उपटू देत नाहीतर जाळू देत."

मुलीच्या आईनं सासरच्या भांडणात तोंड घालायचं नसतं. मी फक्त तिच्या पाठीवरून हात फिरवला.

दुपार कलल्यावर ठकूबाई दारात आल्या. "विहीणबाई, बसून बसून मुंग्या आल्या असतील पायाला. चला, गाव बघा. उद्या शहरवाले गाडी करून बघणार, तुम्ही आयतं बघून घ्या."

मला नाही म्हणता आलं नाही. आम्ही निघालो. त्या पुढे, मी मागे. गावाची वेस अजून धडधाकट होती. दगडी कमान, तिच्या दारांच्या खिळ्यांना पोरांनी शेंदूर फासलेला. वेशीबाहेर लढाईत पडलेल्या कुणाचा तरी कोरीव दगड होता. घोडा, भाला, वर चंद्रसूर्य. ठकूबाईंनी जाताजाता त्याच्या पायाशी हात लावून कपाळाला लावला. "कोण होता?" मी विचारलं. "नाव कुणाला ठावं? आपल्या गावासाठी मेला एवढं पुरं."

बारव खोल होती. पायऱ्या उतरताना गार वारा लागला, जणू कुणी माठाचं झाकण उघडलं. खाली पाणी काळंशार. ठकूबाई लग्न होऊन आल्या तेव्हा याच पायऱ्यांवरून दोन-दोन हंडे वर न्यायच्या. "आता नळ आलाय. पण नळाला गप्पा मारायला कुणी नसतं," त्या म्हणाल्या.

मग आम्ही वर बागेत गेलो. मी द्राक्षाची बाग इतक्या जवळून पहिल्यांदाच बघत होते. वेलाखाली वाकून चालावं लागायचं. घड लहान, मुठीएवढे, पण गच्च भरलेले. काळ्या मण्यांवर राख धरल्यासारखी पांढरट झाक. मी एक मणी तोंडात टाकला. आधी गोड, इतका गोड की काकवी वाटावी. मग सालानं जीभ आखडली आणि दाताखाली बिया आल्या.

"कशी लागली?"

"गोड आहे. पण भांडखोर आहे."

"सासूसारखी म्हणा की!" त्या म्हणाल्या आणि पहिल्यांदा मोकळं हसल्या.

चालताचालता त्या सारख्या वाकत होत्या. आधी मला कळलं नाही. मग बघितलं, खाली गळून पडलेला एकेक मणी उचलून त्या ओच्यात टाकत होत्या. मातीचा असेल तर पदराला पुसून.

"एवढी बाग उपटायची आहे, आणि तुम्ही गळलेले मणी वेचताय?"

"उपटणारा उपटील. मी वेचणार. पडलेलं दिसलं की हात जातोच."

बागेच्या कडेला एक गोल सपाट जागा होती, कडेनं दगड रचलेले. मधोमध निळ्या प्लास्टिकचा मोठा टब आणून ठेवला होता. उद्याची तयारी. मी दगडांपाशी पोचले, चपला काढल्या आणि आत गेले. ठकूबाई थबकल्या.

"चपला कशापायी काढल्या?"

मी खाली बघितलं. माझं मलाच कळलं नव्हतं. "खळं आहे ना हे? आमच्या सिन्नरकडं बाजरीचं खळं असंच असायचं. खळ्यात चपला घालून कोण जातं?"

त्यांनी वाकून कडेचा एक सरकलेला दगड सारखा केला. मग म्हणाल्या, "नागली मळायचो इथं आम्ही. भातपण. नागली गेली, बैल गेले, बाग आली. तरी हा गोल मी राहू दिलाय." त्यांनी टबाकडे बघितलं. "आणि आता हे."

"मग कांचनला नीट सांगा ना, काय वाटतं ते."

"एकदा बोलले. दुसऱ्यांदा मला कुणी विचारलं नाही. तिनं बोचकं बांधायला घेतलं, ह्यानं मोटार खोलली."

त्या रात्री कांचन माझ्या शेजारी झोपली.

सकाळी ऊन वर येतायेता दोन गाड्या आल्या. दहा-बारा माणसं असतील. एक पोट सुटलेले साहेब होते, गुडघ्यापर्यंतच्या चड्डीत. त्यांची बायको डोक्यावर पांढरी टोपी घालून. बाकी तरुण पोरंपोरी. कांचन नवी साडी नेसून, बळेच हसत सगळ्यांना वेस आणि बारव दाखवून वर घेऊन आली. संपतरावांनी काढलेली द्राक्षं पाट्या भरभरून टबात ओतली होती.

ठकूबाई टबाच्या कडेला जमिनीवर मांडी घालून बसल्या होत्या. हातात काही नाही. नुसत्या बसलेल्या.

"आत्याबाई, बाजूला व्हा ना," कांचन हळूच म्हणाली.

"तुला कुठं अडवलंय? तुडव. माझ्या डोळ्यांदेखत तुडव."

पाहुण्यांची चुळबुळ सुरू झाली. साहेब एका पायावर उभे राहून बूट काढत होते, ते तसेच राहिले. टोपीवाल्या बाईंना काहीतरी बोलायला हवं असं वाटलं असावं. त्यांनी विचारलं, "किती छान आहे इथं! मग तुडवून झाल्यावर ह्याचं काय करता? वाईन?"

"नाही, नाही," कांचन घाईनं म्हणाली. "काळजी करू नका, ते कुणाला देत नाही आम्ही. तिथं मागं खड्डा काढलाय. टाकून देतो सगळं. सगळीकडं तसंच करतात."

मी ठकूबाईंकडे बघत होते. 'टाकून देतो' म्हटलं आणि त्यांचा चेहरा उतरला. कुणी गालात मारावी तशा त्या दिसल्या. मग त्या बोलल्या, ते माझ्याशी. जणू बाकी कुणी तिथं नव्हतंच.

"ऐकलंत, विहीणबाई? पायाचं काय घेऊन बसलेत हे लोक! पायानंच मळलंय आम्ही जन्मभर. बैलाच्या पायानं, आमच्या पायानं. पायाखालचं उचलून तोंडात घातलंय. पण तुडवायचं आणि फेकून द्यायचं? हसत हसत? ते कसं चालायचं?"

कांचन माझ्याकडे बघत होती. मी तिची आई. तिच्यासाठी आले होते. तिची बाजू मी नाही घ्यायची तर कोण घेणार? मला ठाऊक होतं, आता मी जे बोलेन ते ती विसरणार नाही.

"कांचन, त्या बरोबर बोलतायत," मी म्हणाले.

"आई!"

"टाकायचंच असेल तर मी पण कुणाला पाय घालू देणार नाही." आणि मी जाऊन टबाच्या दुसऱ्या बाजूला बसले. एका बाजूला सासू, दुसऱ्या बाजूला आई.

कांचनच्या डोळ्यांत पाणी आलं. "मग करू काय मी? इतकी द्राक्षं कुणी घेत नाही. बाग उपटतात ते चालतं तुम्हाला? मी लावलीय ती!"

साहेब एक बूट हातात धरून म्हणाले, "अहो आजी, टाकू नका ना मग. आम्ही पिऊ. पाय आमचेच आहेत!"

"तुमचे पाय?" त्यांची बायको ओरडली. "मी नाही पिणार!"

पोरंपोरी खो-खो हसली. ठकूबाई मात्र हसल्या नाहीत. त्या साहेबांच्या पायांकडे बघत होत्या. बाजारात बैल निरखतात तसं.

"पिऊ नका," त्या म्हणाल्या. "आटवा. उसाचा रस आटतो तर ह्याचा का आटू नये? लई गोड आहे, लवकर घट्ट होईल. भाकरीशी खा. पण अन्न म्हणून खायचं असेल तर पाय अन्नात घालायच्या लायकीचे पाहिजेत." त्या गुडघ्यावर हात टेकून उठल्या. "संपत! माळ्यावरची काहील काढ. घासून आण. आणि दोन हंडे पाणी, एक कडक तापवलेलं."

संपतराव पळालेच. त्या दिवशी मोटार बिघडली नाही.

"आत्याबाई, बिघडलं तर?" कांचननं विचारलं. आवाजात अजून राग होता, पण प्रश्न खरा होता.

"बिघडलं तर मी खाईन. फेकणार नाही."

मग त्यांनी सगळ्यांना दगडांच्या बाहेर ओळीनं उभं केलं. बूट-चपला लांब ठेवायला लावल्या. प्रत्येकाचे पाय वाकून बघितले. एका पोराच्या टाचेला भेग होती, त्याला म्हणाल्या, "तू पाट्या उचल, बाबा." एका मुलीच्या नखांना निळा रंग होता, तिला विचारलं, "हा सुटतो का?" नाही सुटत म्हटल्यावरच सोडलं. साहेबांचं अंगठ्याचं नख काळं पडलेलं होतं. "तुम्ही बाहेर बसून बैल हाकायचे," त्या म्हणाल्या. साहेब हिरमुसले आणि त्यांची बायको इतकी खूश झाली की पहिली पुढे तीच आली.

"थांबा," ठकूबाई म्हणाल्या. "आधी घरचं माणूस. कांचन, ये इकडं."

कांचन पुढे आली. ठकूबाईंनी तांब्या भरला, लुगड्याचा काष्टा सावरला आणि तिच्या पायांशी खाली बसल्या. कांचन चटका बसल्यासारखी मागे सरकली.

"आत्याबाई, हे काय? तुम्ही माझ्या पायाला हात लावू नका! मला पाप लागेल."

"गप उभी ऱ्हा. खळ्यात पाय ठेवणाऱ्याचे पाय घरातली थोरली धुते. आमच्याकडं असंच आहे. लहान असो, मोठी असो, रोजानं आलेली असो. मी नवी आले तेव्हा माझ्या सासूनं धुतले होते. एरवी मला पायरीजवळ उभी करायची नाही, पण खळ्याच्या दिवशी पाय धुतले." त्या पाणी घालत होत्या. बोटांच्या बेचक्यातून, टाचेवरून, चांगलं चोळून. "तू आली तेव्हा मळणी संपली होती. तुझे धुवायचे राहून गेले."

एका हातानं कांचननं सासूच्या खांद्याचा आधार घेतला, पडू नये म्हणून. तो हात पाय धुऊन झाल्यावरही तिथंच राहिला.

मग सगळे आत उतरले. ठकूबाईंनी आधी एक घड उचलून दगडाच्या कडेवर ठेवला, डोंगराकडे हात जोडले, आणि सांगितलं की एकाच बाजूनं फिरायचं, उलटं फिरायचं नाही. बाहेर बसलेल्या साहेबांनी "हो, फिर बैला, फिर!" म्हणून सूर धरला आणि आपल्या बायकोचं नाव घेतलं, त्याबरोबर आतून त्यांच्यावर मूठभर साली फेकल्या गेल्या. "फेकायचं नाही!" ठकूबाई गरजल्या. बाई जीभ चावून खाली वाकल्या आणि साली गोळा करून परत टबात टाकल्या. मला एकदम आपलं लहानपण आठवलं. धूळ, बाजरीची कुसं, आजोबांचा ओरडा. इथं धुळीऐवजी पायांवर लाल रस होता, एवढाच फरक.

फडक्यातून गाळून रस काहिलीत पडला तेव्हा दुपार झाली होती. छाटणीच्या वाळक्या काड्यांचा जाळ चांगला धरतो. फेस वर आला की काढायचा, ढवळत राहायचं. पहिला वास आंबट आला, सगळ्यांनी एकमेकांकडे बघितलं. मग तो हळूहळू गोड झाला, गुऱ्हाळाच्या वासाच्या जवळ गेला, पण वेगळाच. मंडळी जेवायला बसली तेव्हा ठकूबाईंनी पळीभर पातळच रस सगळ्यांच्या भाकरीवर घातला. टोपीवाल्या बाईंनी दोनदा मागून घेतला. पाय कुणाचे, हे कुणी काढलं नाही.

निघताना निळ्या नखांच्या मुलीनं विचारलं, "आजी, पुढच्या रविवारी पण आहे का?"

ठकूबाईंनी लेकाकडे बघितलं. संपतराव हात पुसत उभे होते. ते वरच्या बागेकडे बघत राहिले, मग म्हणाले, "मशीनवाल्याला यंदा नको म्हणून सांगतो."

"यंदा?" ठकूबाई म्हणाल्या.

"यंदा तर नको. पुढचं पुढं."

"ह्याचा बाप असाच बोलायचा," त्या मला म्हणाल्या. "एका वेळी एकच वर्ष."

गाड्या गेल्या. ऊन उतरायला लागलं. फाट्यावरून संध्याकाळची गाडी गाठायची तर आता निघायला हवं होतं. मी काहिलीपाशी गेले. कांचन उलथनं घेऊन ढवळत होती, तोंड जाळानं लाल झालेलं. ठकूबाई शेजारी बसून बोटावर थेंब घेऊन तार बघत होत्या.

"अजून नाही आली. हात जोरात चालव."

"जोरात चालवला की उडतं, आत्याबाई."

"उडू दे. जाळ कमी कर मंग."

"तुम्हीच मघाशी वाढवला!"

"मी वाढवला म्हणून तू जाळून टाकशील? चाखून बघ. लिंबू पिळू का?"

"आत्ता नको, उतरवल्यावर."

मी थोडा वेळ दोघींच्या मागे उभी राहिले. मग म्हणाले, "कांचन, गाडीची वेळ झाली."

ती वळून बघायलाही थांबली नाही. एका हातानं कपाळावरचा घाम पुसला, दुसरा हात तसाच गोल फिरत होता.

"तू हो पुढं, आई," ती म्हणाली. "मी हात काढला तर हे खाली लागेल."